निळू-पिवळूचं पुस्तक आणि त्यातलं ते एक पान. तुम्ही मुलांना कसं वाचून दाखवता?

सहज_सुचलं

नमस्कार, इथे पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझी लेक पाच वर्षांची आहे. सध्या आमच्याकडे 'तू आमच्यात नाहीस' हे वाक्य रोज ऐकू येतं. म्हणजे तिला कुणीतरी ते म्हणतं आणि ती घरी येऊन बाहुल्यांना म्हणते. एक ठरलेली बाहुली कायम पलंगाखाली आणि बाकीच्या सगळ्या पलंगावर पार्टी करतात. मी एकदा त्या खालच्या बाहुलीला उचलून वर ठेवलं तर इतकी चिडली की विचारू नका, म्हणाली तिला बोलावलंच नाहीये.

तर हे ऐकून एका मैत्रिणीने लिओ लिओनीचं 'लिटल ब्लू अँड लिटल यलो' आणून दिलं, म्हणाली एकटं पाडण्यावर आहे, वाच तिच्याबरोबर. मी सांगते मराठीतूनच त्यामुळे आमच्याकडे ते निळू आणि पिवळू. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, यात पात्रं म्हणजे नुसते फाडलेल्या कागदाचे ठिपके आहेत, ना डोळे ना तोंड ना हातपाय. निळूचा जिगरी दोस्त पिवळू, समोरच्याच घरात राहतो. एकदा आई बाहेर जाताना निळूला सांगते घरीच थांब, हा कुठला थांबतोय, निघतो पिवळूला शोधायला, तो कुठेच सापडत नाही आणि मग एकदम एका वळणावर समोर उभा! दोघं इतकी घट्ट मिठी मारतात की हिरवे होऊन जातात. मग बाग, बोगदा, डोंगर, सगळीकडे हुंदडून दमून घरी येतात तर निळूचे आईबाबा म्हणतात तू आमचा निळू नाहीस, तू हिरवा आहेस. पिवळूच्या घरीही तेच. मग दोघं रडतात, इतकं रडतात की त्यांचे नुसते अश्रूच उरतात, निळे वेगळे पिवळे वेगळे, आणि त्या अश्रूंमधून परत निळू आणि पिवळू जमा होतात. शेवट गोड आहे, तो सांगत नाही. (अर्थात खाली कुणीतरी सांगेलच.)

तर माझा गोंधळ असा की यात एकटं पाडणारे मित्र नाहीतच, घरचेच आहेत! ते पान आलं आणि ही एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आवाजावरून पण नाही ओळखलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून पुस्तक रोज हवं असतं पण ते पान आलं की दोन पानं एकदम उलटते, मी हळूच एक सोडवायला गेले तर हातावर हात ठेवते.

प्रश्न तीन. हे पान पाच वर्षांच्या मुलीला जड आहे का, पुस्तक थोडे दिवस बाजूला ठेवू का? दुसरं, हे रंग म्हणजे माणसांचे रंग, जातधर्म वगैरे आहे असं नेटवर बरेच जण म्हणतात, ते तिला सांगायचं की नाही? आणि हा लिओनी नक्की कोण, त्याच्या डोक्यात काय होतं कुणाला माहितीये का?

जुनी_पाटी

लहान मुलांच्या वर्गावर बरीच वर्षं काढलीयेत आणि हे पुस्तक इतक्या वेळा वाचलंय की आता पाठ आहे, म्हणून उत्तर देतेय. पहिल्या प्रश्नाचं आधी. बाजूला ठेवू नका आणि ते पान उघडायचा आग्रहही करू नका. रोज मागतेय ना, मग झालं. नको असलेलं पुस्तक मुलं दुसऱ्याच दिवशी कपाटामागे सारतात आणि वर सापडत नाही म्हणून सांगतात. दोन पानं एकदम उलटणं हे तिचं तिने काढलेलं उत्तर आहे, तिथे काय आहे हे तिला पक्कं माहितीये आणि ते कधी बघायचं हे तीच ठरवणार.

तिचा प्रश्न मात्र पहिल्या नंबरचा आहे हो. माझ्या वर्गात त्या पानावर रंगाबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नाही. सगळ्यांचं एकच, आता पुरावा काय द्यायचा. एकाचं म्हणणं निळूने घरात कुठे काय ठेवलंय ते सांगायचं म्हणजे पटेल. एक म्हणाली आई झोपताना जे गाणं म्हणते ते म्हणून दाखवायचं. एक पठ्ठ्या तर म्हणाला दोघांनी नुसतं आत घुसून जेवायला बसायचं, कोण उठवतंय बघू. म्हणजे मुलांना गोष्टीतली खरी भीती लगेच कळते, की मी तोच आहे पण समोरच्याला दिसत नाहीये. खेळात घेत नाहीत तेव्हाही दुखतं ते हेच. कालपर्यंत मी यांच्यात होतो, आज काय बदललं? घरच्यांना त्या जागी ठेवून लिओनीने ते दुखणं एकदम टोकाला नेलंय म्हणून ते पान जड वाटतं, आणि वाटायलाच हवं, गुळगुळीत असतं तर तिने एकदाच ऐकून विसरून टाकलं असतं.

एक मात्र करू नका, प्लीज. "बघ, तुला पण मैत्रिणी असंच करतात ना" हे वाक्य. त्या क्षणी गोष्ट संपते आणि चौकशी सुरू होते, मूल गप्प. आणि तुम्ही बाहुल्यांचं जे लिहिलंय ते बघा ना, त्या खेळात ती स्वतः बाहेर ठेवणारी आहे! दिवसभर दुसऱ्याच्या हातात असलेली सत्ता संध्याकाळी तासभर तिला स्वतःच्या हातात घेऊन बघायचीये, घेऊ द्या. खालच्या बाहुलीला उचलून वर ठेवण्यापेक्षा वाकून तिलाच विचारा की तिथून वरचं काय काय ऐकू येतं. उत्तर लेक देईल.

आणि विषय निघालाच आहे तर व्हिव्हियन पेली या बाईंबद्दल वाचा. शिकागोतल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवायच्या. त्यांनी वर्गात नियमच केला की 'तू खेळायचं नाहीस' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. त्यावर १९९२ मध्ये त्यांचं 'यू कान्ट से यू कान्ट प्ले' आलं. मला त्यातलं सगळ्यात जे आवडतं ते हे की बाईंनी नियम एका दिवसात लादला नाही, आधी स्वतःच्या वर्गाशी बोलल्या, मग मोठ्या वर्गांत जाऊन तिथल्या मुलांना विचारलं की हे तुम्हाला बरोबर वाटतं का. मोठ्यांचं मत साधारण असं की बरोबर आहे पण चालणार नाही. आणि त्यांच्या वर्गातली जी एक मुलगी कायम पुढारी असायची तिचा सवाल, मग खेळायला अर्थच काय राहिला? या सवालाला पुस्तकात बाजूला सारलेलं नाही, म्हणून ते खरं वाटतं. कुणाला घ्यायचं नाही हे ठरवण्यातच काही मुलांना खेळाची मजा असते, हे आपण मोठी माणसं कबूल करत नाही एवढंच. ऑफिसातसुद्धा तेच चालतं म्हणा.

याच बाईंनी पुढे एक अख्खं वर्ष वर्गात लिओनीची पुस्तकं वाचली, एकामागून एक, त्याचंही पुस्तक आहे, 'द गर्ल विथ द ब्राऊन क्रेयॉन', १९९७. त्यात रीनी नावाची एक काळी मुलगी आहे पाच वर्षांची, कायम तपकिरी खडू हातात, आणि लिओनीचा फ्रेडरिक उंदीर तिला दिसतो तो आधी आपल्या रंगाचा म्हणून. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे, सांगू नका, ज्याला जे दिसायचं ते दिसतं.

चष्मा_कुठाय

तिसऱ्या प्रश्नावर मी. धंद्याने डिझाइनवाला आहे, लिओनी आमच्याकडे मुलांच्या पुस्तकांच्या आधीपासून माहीत असतो, त्यामुळे जरा लांबेल.

जन्म १९१० चा, ॲमस्टरडॅमजवळचा. वडील ज्यू घराण्यातले, हिऱ्यांच्या धंद्यातले, आई गायिका. लहानपणी एका जागी राहिलाच नाही, ॲमस्टरडॅम, ब्रसेल्स, मग अमेरिकेत फिलाडेल्फिया, मग इटलीत जेनोआ. शाळा बदलली की भाषा बदलली असा प्रकार. कायम नवा मुलगा. इटलीत लग्न केलं, अर्थशास्त्राची डिग्री घेतली, चित्रं काढली, आणि १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्धचे वांशिक कायदे आणले. १९३९ मध्ये हा अमेरिकेला निघून गेला. तिथे आधी जाहिरात कंपनीत आणि मग १९४८ पासून दहाएक वर्षं 'फॉर्च्युन' मॅगझिनचा आर्ट डायरेक्टर. म्हणजे एकदम वरच्या फळीतला माणूस, मुलांच्या पुस्तकांशी काही संबंध नाही.

आता पुस्तक कसं झालं ते. १९५९. हा दोन लहान नातवंडांना घेऊन न्यूयॉर्कहून ट्रेनने कनेक्टिकटमधल्या घरी निघालेला, आणि पोरं ट्रेनमध्ये जे करतात ते करायला लागली. बॅगेत 'लाइफ' मॅगझिनचा अंक होता, त्यातल्या एका पानावर निळा, पिवळा, हिरवा असे रंग दिसले, ते फाडून त्याने ठिपके केले, ब्रीफकेस मांडीवर आडवी ठेवली, तेच स्टेज, आणि गोष्ट सुरू. आजूबाजूचे प्रवासीसुद्धा ऐकायला लागले म्हणे. घरी जाऊन त्याचं पुस्तक बांधलं आणि ते छापून आलं. तेव्हा वय ४९. त्यानंतर मात्र माणूस थांबला नाही, चाळीसच्या आसपास पुस्तकं केली, त्यातल्या चार पुस्तकांना कॅल्डेकॉट ऑनर (अमेरिकेतला चित्रपुस्तकांसाठीचा मोठा सन्मान), स्विमी मासा आणि फ्रेडरिक उंदीर त्यातलेच. १९९९ मध्ये इटलीतच गेला.

ही ट्रेनची गोष्ट सगळीकडे सांगतात कारण ती गोड आहे. पण तिच्या एक वर्ष आधीची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. १९५८ मध्ये ब्रसेल्सला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. अमेरिकेच्या भागात मुख्य मंडपाबाहेर एक छोटा मंडप होता, नाव 'अनफिनिश्ड बिझनेस', म्हणजे आमच्या देशाचं अजून काय काय करायचं राहिलंय ते आम्हीच दाखवतो अशी कल्पना. 'फॉर्च्युन'ने तो उभा केला आणि डिझाइन लिओनीचं. एकाला एक जोडलेले तीन भाग, पहिला वाकडातिकडा आणि काळवंडलेला, त्यात वर्णभेदाच्या बातम्या वगैरे, मधला जरा सरळ होत जाणारा आणि तिसरा उजळ. तिसऱ्या भागात एक मोठा फोटो होता, वेगवेगळ्या वर्णांची मुलं हात धरून गोल रिंगण करून खेळतायत. बास, एवढाच फोटो. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राजकारण्यांनी आरडाओरडा केला, आधी मंडपात बदल करायला लावले आणि शेवटी तो बंदच करून त्या जागी आरोग्याचं प्रदर्शन लावलं.

आता निळू-पिवळूचं पुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांत मुलं काय खेळतायत बघा. लपाछपी आणि रिंगण! वेगवेगळ्या रंगांचे ठिपके गोल करून. मी हे पहिल्यांदा जोडून पाहिलं तेव्हा मला बराच वेळ ते पान उलटवेना. फोटो काढायला लावला तर याने तेच रिंगण कागद फाडून परत मांडलं असं मी म्हणणार नाही, ट्रेनमध्ये पोरं गोंधळ घालत असताना कुणी असा विचार करून गोष्ट सांगत नाही. पण हाताला जे सुचतं ते कुठून तरी येतंच ना. त्यामुळे नेटवरचे लोक रंग म्हणजे वर्ण म्हणतात ते काही हवेतलं नाही. पाच वर्षांच्या मुलीला सांगायचं की नाही यावर मात्र मी जुनी_पाटी ताईंच्या बाजूने, नका सांगू.

चौथा_कोपरा

सगळे कौतुक करतायत तर मी जरा उलटं बोलतो. चित्रं अप्रतिम, वादच नाही. पण गोष्ट नीट बघा. मुलं हिरवी झाली, घरच्यांनी बाहेर काढलं. मग मुलांनी काय केलं? रडून रडून हिरवेपणा धुऊन काढला, आपापले मूळ रंग घेऊन परत आली, आणि मग घरच्यांनी जवळ घेतलं. म्हणजे घरात प्रवेश कशाच्या जोरावर मिळाला, तर पुन्हा पहिल्यासारखं झाल्यावर! मला हे लहानपणी कुणी वाचून दाखवलं असतं तर मी एवढाच अर्थ काढला असता की बाहेर काय व्हायचं ते व्हा, दारात येताना आमच्या रंगाचे होऊन या. घराघरात हेच तर चालतं. मुलगा काहीतरी वेगळं होऊन येतो, आई म्हणते तू आमचा राहिला नाहीस, आणि शेवटी पडतं कोण घेतं?

एकटं पाडण्यावरच्या चित्रपुस्तकांमधला हा जुनाच घोळ आहे. मार्कस फिस्टरचा तो चमकणारा मासा घ्या, 'रेनबो फिश', १९९२ चं, जगभर खपलंय. त्याला मित्र कधी मिळतात? अंगावरचे चमचमते खवले एकेक काढून वाटून टाकल्यावर. मुलांना वाटून घ्यायला शिकवतो म्हणून आपण ते कौतुकाने वाचतो, पण खवले हे काय खेळणं आहे का, ते त्याचं अंग आहे! आणि कुरूप बदकाच्या पिल्लाचं तर बोलूच नका, ते दिसायला सुंदर निघालं म्हणून सुटलं, खरंच साधं बदक असतं तर?

तर सहज_सुचलं, तुमची लेक ते पान उलटून टाकते हे मला एकदम पटतं. मी तर म्हणतो पुढचं रडण्याचं पानही उलटून टाका.

जुनी_पाटी

चौथा_कोपरा, माशाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, ते पुस्तक मी वर्गात ठेवत नाही. पिल्लाबद्दलही. पण निळू-पिवळू त्या रांगेत बसत नाहीत हो. तुम्ही शेवट अर्ध्यावर सोडलात.

मुलं परत येतात तेव्हा आधी एकमेकांना विचारतात की आता तरी यांना पटेल का. मी ही जागा वाचताना मुद्दाम थांबते. त्यात पश्चात्ताप नाही, आता नाही होणार हिरवा असं कुणी म्हणत नाही, माफी मागत नाही. नुसतं पटेल का. पुढे काय होतं? निळूचे आईबाबा निळूला जवळ घेतात, मग पिवळूलाही जवळ घेतात, आणि ते स्वतः हिरवे व्हायला लागतात! आता कळलं त्यांना काय झालं होतं ते. कुणी समजावून सांगितलं म्हणून नाही कळलं, स्वतःच्या अंगावर आलं तेव्हा कळलं. मग ते उठून समोरच्या घरी जातात ही बातमी सांगायला आणि सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. म्हणजे बदलायचं कुणी, तर मोठ्यांनी. मुलांना हिरवं व्हायला पुन्हा कुणी अडवलेलं नाही.

आणि मधली बागेची पानं बघा. मुलांचा एकच हिरवा ठिपका झालाय, तो बोगद्यातून पळतोय, नारिंगीच्या मागे लागलाय, डोंगर चढतोय. तिथे कुणी विचारलं का, की तू कोण, कालपर्यंत नव्हतास? नारिंगी पुढे पळतोय कारण मागे कुणीतरी लागलंय, बास. सगळ्या पुस्तकात हिरव्याची अडचण फक्त दोन घरांत आहे. हे मुलांना न सांगता दिसतं, माझ्या वर्गात एकीने तर सरळ विचारलं होतं की मग ते बागेतच का नाही राहिले.

रडण्याचं पान उलटू नका मात्र. मुलांना ते सगळ्यात जास्त आवडतं. माणूस रडून रडून संपला आणि परत गोळा झाला हे त्यांना अजिबात विचित्र वाटत नाही, त्यांचं रोजचंच आहे ते.

चौथा_कोपरा

आईबाबा हिरवे होतात हा मुद्दा मान्य, तो जमेचा आहे. पण ते हिरवे कधी होतात? आधी मूल ओळखीच्या रंगात परत आल्यावर! हिरव्या मुलाला हिरवं असतानाच कुणी जवळ घेतलं असतं तर त्याच क्षणी सगळं कळलं असतं की, मिठी तर तेव्हाही मारता आली असती. माझं भांडण त्या एका मिठीचं आहे. असो, माझा हट्ट माझ्यापाशी.

फक्त_वाचनमात्र

नाव बदलावं लागणार आता. एक भर घालतो. इतकं निरुपद्रवी दिसणारं पुस्तक पण यालाही एकदा बाहेर काढलं होतं. २०१५ मध्ये इटलीत व्हेनिसच्या नव्या महापौरांनी, लुइजी ब्रुन्यारो त्यांचं नाव, लहान मुलांच्या शाळांमधून ४९ चित्रपुस्तकं काढून घ्यायला सांगितली. कारण काय तर कुटुंब आणि स्त्री-पुरुष याबद्दल मुलांच्या डोक्यात भलतं भरवतात. त्या यादीत निळू-पिवळू! ठिपक्यांना स्त्री-पुरुष कुठून दिसले देव जाणे. इटलीत आणि बाहेरही बरीच टीका झाली, मग महापौर मागे सरकले आणि बहुतेक पुस्तकं सुटली, पण लिओनीचं नाव त्या यादीत आलं ते आलंच. फॅसिस्टांच्या कायद्यांपायी १९३९ मध्ये ज्या देशातून हा माणूस निघाला, पुढे परत येऊन जिथे राहिला आणि गेला, त्याच देशातली ही गोष्ट.

चौथा_कोपरा यांना माझं +१, मिठी आधीच मारायला हवी होती.

सहज_सुचलं

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ब्रसेल्सचं वाचून मी पुस्तक परत उघडून ते रिंगण बघितलं.

जुनी_पाटी ताई, तुमचा प्रश्न विचारून पाहिला. पलंगाखालून काय ऐकू येतं? तर म्हणे नुसते पाय वाजतात, बोलणं कळत नाही. आणि मग तिने वरच्या एका बाहुलीला खाली पाठवलं, बघून ये म्हणून. मी काही बोलले नाही, चहा करायला निघून गेले.

चौथा_कोपरा, तुमचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. आता ते पान आलं की मला स्वतःलाच त्या आईबाबांचा राग येतो!

आता एक साधा प्रश्न. तिला असे ठिपके करून गोष्ट स्वतः सांगायचीये. काल घोटीव कागद फाडून दिला तर निळ्यावर पिवळा ठेवला आणि माझ्याकडे बघत बसली, कारण हिरवा काही होईना. मग पोस्टर कलर काढले तर हिरवा छान झाला पण लगेच पुढचा प्रश्न, "आता परत निळू कर". कसं करता तुम्ही लोक?

कात्री_डिंक

हाहा, रंगात निळू परत येत नाही, सगळ्यांची तिथेच दांडी उडते.

जिलेटिन पेपर घ्या, तो पारदर्शक रंगीत असतो ना, भेटवस्तूंना वगैरे गुंडाळतात तो. निळा आणि पिवळा, आणि निळा घेताना गडद शाईसारखा घेऊ नका, त्यावर पिवळा ठेवला की हिरवा न होता काळपट दिसतो, फिका आकाशी बघा. मिठीसाठी दोन ठिपके एकमेकांवर ठेवायचे आणि बाजूला केले की निळू-पिवळू परत जिथल्या तिथे. टेबलावर मजा येत नाही, खिडकीच्या काचेवर करा, मागून उजेड आला की हिरवा एकदम उठून दिसतो. चिकटवायला डिंक नको, ओल्या बोटाने काचेला पाण्याचा थेंब लावा, ठिपका बसतो आणि सरकवताही येतो. रात्री करायचं असेल तर पांढऱ्या भिंतीवर टॉर्च मारून त्याच्यासमोर धरा, पण मग ठिपके काडीला चिकटवून घ्या नाहीतर बोटांचीच सावली पडते.

जिलेटिन हाताने नीट फाटत नाही, लांब चिरत जातो, म्हणून कात्रीने कापावा लागतो. पण अगदी गोल कापू नका. पुस्तकातले ठिपके फाडलेले आहेत त्यामुळे प्रत्येकाची कड वेगळी आहे. थोडे वाकडे कापले की कोण निळू आणि कोण त्याचे बाबा हे पोरांना लांबूनही कळतं. आईबाबांचे ठिपकेही जिलेटिनचेच करा हं, घोटीव कागदाचे केलेत तर शेवटी ते हिरवे कसे होणार?

अश्रूंसाठी त्याच कागदाचे बारीक तुकडे करून एका वाटीत तयार ठेवा, पंखा बंद करून.